ऊन तेच, मागचं पाणी बदललं

माझ्या निकॉन डी७२०० च्या डाव्या खांद्यावर एक गोल डायल आहे. त्यावर ऑटो, सीन, इफेक्ट्स, मग पी, एस, ए, एम आणि यू१, यू२ अशा खुणा आहेत. पक्ष्यांसाठी तो कुठे ठेवायचा याचं उत्तर पहिल्या हिवाळ्यात मला एक मिळालं, पुढच्या हिवाळ्यात बरोबर उलटं मिळालं, आणि आता दोन्ही उत्तरं मी एकाच सकाळी आलटूनपालटून वापरते. मधल्या काळात काय काय घडलं ते लिहून काढतेय, कारण नवा कॅमेरा घेतलेलं कुणी भेटलं की पहिला प्रश्न हाच येतो: "ताई, तुम्ही कुठल्या मोडवर काढता?" आणि एका अक्षरात त्याचं उत्तर देता येत नाही.

ऑटो आणि सीनबद्दल फार बोलायला नको. पी मध्ये शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा, सेकंदाच्या अंशात) आणि ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं) दोन्ही कॅमेरा ठरवतो. अंगठ्याने जोडी बदलता येते, पण पक्षी समोर असताना तेवढी उसंत कुणाला असते? माझी लेन्स २००-५०० मिलिमीटरची, एफ/५.६ ची, म्हणजे तिचं भोक याहून मोठं उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं). माझ्या कॅमेऱ्याच्या डीएक्स, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरवर ती ७५० मिलिमीटरइतकी जवळ आणते, म्हणजे हाताचा हलकासा कंपही तेवढाच मोठा होऊन दिसतो. शटर किती आहे यावर आपली नजर हवी, एवढं कळायला पी वर काढलेली एक सकाळ पुरली.

मग ए, म्हणजे ॲपर्चर प्रायॉरिटी. आमच्या ग्रुपमधले बहुतेक जण यावरच काढतात आणि त्याला तसं कारणही आहे. लेन्स आधीच एफ/५.६ ची, त्यामुळे ॲपर्चर बदलायला फारसा वाव नसतो. ते एफ/५.६ किंवा एफ/७.१ वर ठेवून द्यायचं, आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) उजेड बघून ४०० किंवा ८०० करायचा, शटरचं कॅमेरा बघून घेतो. कवडीपाटला मी हे शिकले. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे नदीकडे वळायचं. तिथे मुळा-मुठेचं पाणी जुन्या दगडी बंधाऱ्यावरून पडतं आणि शहराच्या सांडपाण्यामुळे त्याला पांढराशुभ्र फेस येतो. वास सहन होत असेल तर हिवाळ्यात तिथे शेकाट्या, चक्रवाक, तुतारी, धोबी, राखी बगळे, नदी सुरय असं सगळं काठावरून, बोटीशिवाय मिळतं.

तिथे पहिला धडा मिळाला तो मीटरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्रणेचा. मीटरला पक्षी कळत नाही, त्याला कळतो फक्त परत येणारा उजेड. समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम राखाडी आहे असं तो धरून चालतो. मॅट्रिक्स मीटरिंग याहून पुष्कळ हुशार असतं, हे खरं. निकॉनने १९८३ साली एफए या कॅमेऱ्यात फ्रेमचे तुकडे पाडून प्रत्येकाचा उजेड वेगळा मोजायला सुरुवात केली, आणि आता तर फोकस कुठे आहे याचाही विचार मॅट्रिक्स करतं. तरी मूळ स्वभाव तोच. फेसाच्या पुढे शेकाट्या उभा राहिला की फेस राखाडी आणि शेकाट्या काळाकुट्ट. तोच शेकाट्या चार पावलं चालून हिरव्या जलपर्णीपुढे आला की फोटो एकदम नीट.

यावर उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण वाढवणं (प्लस) किंवा घटवणं (मायनस). ते मोजायचं स्टॉपमध्ये, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. आणि ते शिकवताना सगळे एकच वाक्य सांगतात: पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस. हे वाक्य पूर्ण नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पांढरा बगळा फ्रेमभर असेल तर त्याला प्लस एक द्यावं लागतं, मान्य. पण ५०० मिलिमीटरलासुद्धा बगळा बहुतेक वेळा फ्रेमचा दहावा हिस्साही भरत नाही. उरलेल्या फ्रेममध्ये गडद पाणी असतं. मीटर त्या पाण्याकडे बघतो, अंधार आहे असं समजतो आणि एक्स्पोजर वाढवतो. बगळ्याची पिसं उडाली, म्हणजे तपशील जाऊन नुसता सपाट पांढरा डाग उरला. तिथे प्लस दिलात तर आणखी वाईट. द्यायला हवं मायनस एक. म्हणजे पक्ष्याच्या रंगाइतकाच, बऱ्याचदा त्याहून जास्त, मागच्या रंगाचा आणि पक्षी फ्रेममध्ये किती मोठा आहे याचा हिशेब करावा लागतो. कवडीपाटला बसून मी हा हिशेब पाठ केला: गडद पाण्यावर गाय बगळा, मायनस एक, फेसापुढे काहीही, प्लस एक, आकाशापुढच्या तारेवर कोतवाल, प्लस दीड, जवळ येऊन बसलेला पाणकावळा, मायनस पाऊण. बसलेल्या पक्ष्यांसाठी हे झकास चालायचं. पक्षी बसलाय, मागे काय आहे ते दिसतंय, आपण बटण दाबून चाक फिरवलं, काढला फोटो. त्या हिवाळ्याचं माझं उत्तर होतं "ए".

भिगवणला ते उत्तर टिकलं नाही.

भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्याने भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या पट्ट्यात जी पसरट पाणथळ तयार झाली तिथे आता हिवाळाभर पक्षी आणि पक्षीवाले दोघांची गर्दी असते. पाणी भरपूर असतं तोवर रोहित (फ्लेमिंगो) लांब असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी उतरलं, चिखल उघडा पडला की ते बोटीच्या टप्प्यात येतात. पण मला तिथे वेड लावलं ते नदी सुरयने. पिवळी चोच, काळी टोपी, वरून फिकट राखाडी, खालून पांढरा, आणि उडताना एका रेषेत म्हणून राहायचा नाही. वर आकाशात घिरटी, मग समोरच्या काठावरच्या उसाला समांतर, मग अचानक पाण्यात सूर.

असाच एक सूर मी एका बर्स्टमध्ये, म्हणजे बटण दाबून धरून सलग काढलेल्या फ्रेममध्ये पकडला होता आणि घरी आल्यावर फ्रेम ओळीने लावल्या. ए मोड, एफ/७.१, आयएसओ ४००. सुरय आकाशापुढे होता तेव्हा कॅमेऱ्याने शटर १/४००० केलेलं. पक्ष्याची सावळी छायाच उरली होती. उसापुढे आला तेव्हा १/२०००, फोटो सुरेख. पाण्याकडे झेपावला आणि मागे काठाच्या सावलीतलं गडद पाणी आलं तेव्हा १/१०००. पोटाची पांढरी पिसं उडालेली, वर पंखही हललेले. म्हणजे जिथे शटर सगळ्यात वेगवान हवं होतं, नेमकं तिथेच कॅमेऱ्याने ते सगळ्यात हळू केलं होतं. आणि हे सगळं दोनेक सेकंदांत. तेवढ्यात कॉम्पेन्सेशन कुठल्या दिशेने फिरवणार?

त्या फ्रेम बघता बघता डोक्यात आलं की सूर्याने या दोन सेकंदांत काहीच बदललेलं नाही. सुरयवर पडणारं ऊन आकाशापुढे जेवढं होतं तेवढंच पाण्यापुढे होतं. बदललं ते फक्त मागचं. ऊन जर तेच, तर एक्स्पोजरही तेच हवं. मग ते कॅमेऱ्याला प्रत्येक फ्रेमला नव्याने का ठरवू द्यायचं?

आमच्या ग्रुपमध्ये फिल्मच्या जमान्यापासून फोटो काढणारे एक काका आहेत. त्यांना हे दाखवलं तर हसले. "अगं, आम्ही दुसरं काय करत होतो? मीटर बंद पडला तरी फोटो काढायचोच की." मग त्यांनी सनी सिक्स्टीन समजावलं: स्वच्छ कडक ऊन पाठीशी असेल तर एफ/१६ ला शटर आयएसओइतकं. आयएसओ ४०० ला १/४००. एफ/८ पर्यंत उघडलं की दोन स्टॉप मिळाले, म्हणून शटर १/१६००. एफ/५.६ ला १/३२००. पांढऱ्या पक्ष्याला यातून आणखी एक स्टॉप कमी. सकाळी लवकर किंवा धुरकट हवेत याच्यापेक्षा एक-दोन स्टॉप जास्त लागतात. मी लगेच माझ्या फ्रेमशी ताडून पाहिलं: जी सुरेख आली होती ती एफ/७.१, १/२०००, आयएसओ ४००. काकांच्या आकड्याला जवळजवळ चिकटलेली.

त्यांनी दुसरी युक्ती दिली तळहाताची. पक्ष्यावर पडतंय तेच ऊन आपल्या तळहातावर घ्यायचं, स्पॉट मीटरिंगने (फ्रेमचा एक लहान ठिपकाच मोजणारं) तळहात मोजायचा आणि त्यापेक्षा सुमारे एक स्टॉप जास्त द्यायचा, कारण तळहात मध्यम राखाडीपेक्षा तेवढा उजळ असतो. माझ्या हाताला पाऊणच लागतो. ज्याने त्याने आपापला हात एकदा घरच्या गच्चीवर तपासून घ्यावा, हातात मेंदी असेल त्या दिवशी नको.

तर एम. पूर्ण मॅन्युअल, ऑटो आयएसओ (कॅमेऱ्याने आपोआप आयएसओ बदलणं) बंद. आता भिगवणला बोटीत बसल्यावर माझं काम असं चालतं. लेन्स बीनबॅगवर ठेवायची. पहिला जो कुठला पांढरा पक्षी उन्हात बसलेला दिसेल, बगळा असो की चमचा (चमच्यासारख्या चोचीचा पक्षी), त्याच्यावर शटर १/२५००, एफ/७.१ आणि आयएसओ अंदाजाने ठेवून एक फ्रेम काढायची. स्क्रीनवर उडालेल्या भागांची काळी-पांढरी उघडझाप चालू ठेवलेली असते. पिसं लुकलुकायला लागेपर्यंत आयएसओ एकेक टप्पा वाढवायचा, लुकलुकली की एक टप्पा मागे. झालं. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढत असल्यामुळे काळ्या टोपीतलं तपशील नंतर वर आणता येतं. गेलेला पांढरा मात्र कशानेही परत येत नाही. म्हणून मोजमाप पांढऱ्यावर. एकदा हे बसलं की मग सुरय आकाशात जावो की पाण्यात, मीटरची काडी व्ह्यूफाइंडरमध्ये डावी-उजवीकडे नाचत राहते आणि मी तिच्याकडे बघतही नाही. नजर फक्त पक्ष्यावर आणि फोकसवर. मॅन्युअल अवघड असतं असं लोक म्हणतात. उडत्या पक्ष्यांसाठी मला ते ए पेक्षा निवांत वाटलं.

रोहितने यात एक पोटनियम घातला. भिगवणला येतो तो मोठा रोहित, बसलेला असताना जवळजवळ पांढरा, किंचित गुलाबी छटा. पंख उघडले की आत लाल आणि काळं. बसलेल्या थव्यावर बेतलेलं एक्स्पोजर स्क्रीनवर अगदी बरोबर दिसायचं, उघडझाप नाही, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) उजव्या भिंतीच्या आत. तरी थवा उडाल्यावर पंखांतला लाल रंग सपाट, पिसांच्या रेषाच नाहीत. कारण मी बघत होते तो एकत्रित उजेडाचा हिस्टोग्राम. तांबडा, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख उघडले तेव्हा तांबडा एकटाच भिंतीला टेकलेला दिसला. तेव्हापासून रोहितसाठी तीन रंगांचा आलेख बघते आणि बगळ्यावर ठरवलेल्यापेक्षा आणखी एक-दोन टप्पे खाली ठेवते. सुगरणीच्या नराचा पिवळा, खंड्याचा निळा यांनाही हाच न्याय लागू पडतो, फक्त आलेख वेगळा.

मॅन्युअलची किंमत सकाळी लवकर मोजावी लागते. सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात उजेड इतका भराभर वाढतो की दर काही मिनिटांनी परत बगळा शोधून परत मोजावं लागतं. नऊच्या पुढे ऊन स्थिरावलं की तासभर हात लावावा लागत नाही. पण तोवर पक्ष्यांची निम्मी धांदल संपलेली असते. दुसरी किंमत बोटीची. सूर्य तोच असला तरी बोट वळली की पक्ष्याची आपल्याकडची बाजू उन्हातून सावलीत जाते. इथे नावाड्याची जाण कामी येते. कुंभारगावचे हे मासेमार लोक वर्षानुवर्षं पक्षीवाल्यांना फिरवतायत, त्यांना आपल्यापेक्षा आधी कळतं. "ताई, ऊन पाठीवर घेतो, मग काढा," असं म्हणून दादा बांबूने बोट ढकलत मोठा वळसा घेतात, आणि मी आकडे तसेच ठेवू शकते. वेळ नसेल आणि आडव्या उन्हातच काढायचं असेल तर एक स्टॉप वाढवते. समोरून ऊन असेल तर मग छायाचित्रच करायचं, म्हणजे शब्दशः छायेचं. आकाशावर मोजायचं आणि पक्षी काळा होऊ द्यायचा.

असं सगळं जमल्यावर मी मॅन्युअलची भक्त झाले, आणि त्याच भक्तीने सिंहगडाच्या पायथ्याशी गेले.

सिंहगड व्हॅली म्हणजे आतकरवाडीच्या बाजूची ओढ्याची झाडी. तिथे पाण्याच्या छोट्या डबक्यांपाशी शांत बसून राहिलं की स्वर्गीय नर्तक, निळ्या माशीमार, बुलबुल, हळद्या असे एकामागून एक पाणी प्यायला, आंघोळीला येतात. जागा दाट सावलीची. एफ/५.६, १/२५०, आयएसओ ३२००, तेव्हा कुठे फोटो उजळतो. पण सावली अखंड नसते. पानांतून कवडसे पडलेले असतात, वारा आला की ते हलतात, आणि नर्तक आपली लांब शेपटी घेऊन एका क्षणी अंधाऱ्या फांदीवर असतो आणि पुढच्या क्षणी कवडशात. या दोन जागांमध्ये चार-पाच स्टॉपचा फरक. भिगवणचं गणित इथे उलटं झालं होतं. मागचं सगळं तेच, काळपट हिरवं. बदलत होतं ते पक्ष्यावर पडणारं ऊन. पूर्ण मॅन्युअलवर सावलीसाठी आकडे लावले की कवडशात नर्तकाचा नुसता पांढरा ठसा, आणि कवडशासाठी लावले की सावलीत काहीच नाही.

मग मी डायल एम वरच ठेवला आणि ऑटो आयएसओ चालू केला. शटर आणि ॲपर्चर माझं, उरलेला हिशेब कॅमेरा आयएसओने जुळवतो. नर्तक सावलीत असेल तेव्हा ३२००, कवडशात उतरला की १००-२०० पर्यंत खाली. आणि या जोडीत कॉम्पेन्सेशनही चालतं, ते आयएसओवर काम करतं. मागचं सतत गडद असल्यामुळे मायनस एक लावून ठेवलं की पांढरा नर जपला जातो. गडद जंगल आणि लहान पांढरा पक्षी, कवडीपाटच्या बगळ्याचाच हिशेब.

आमच्यातल्या काहींना हे पटत नाही. कॅमेरा आयएसओ ठरवतोय म्हणजे हा मॅन्युअल नव्हेच, हा ऑटोच, असं त्यांचं म्हणणं. आहे ऑटो, मग? चुलीवरचीच भाकरी खरी असं म्हणणारेही गॅसवरची खातातच. मला फरक एवढाच महत्त्वाचा वाटतो की काय हलू द्यायचं आणि काय नाही हे कोण ठरवतंय. सावलीत शटर १/२५० च्या खाली घसरलं तर पक्षी हललेला येतो आणि तो फोटो फेकून द्यावा लागतो. आयएसओ ३२०० चा दाणेदारपणा हल्लीच्या सॉफ्टवेअरने बराचसा निघतो.

ए मोडमध्येही ऑटो आयएसओ लावून किमान शटर ठरवून देता येतं आणि सावलीत दोन्हींचा परिणाम सारखाच असतो, हेही सांगायला हवं. फरक पडतो तो उजेड जास्त होऊन आयएसओ आपण लावलेल्या आकड्यापर्यंत उतरल्यावर: त्यापुढे ए मध्ये शटर वाढतं, एम मध्ये आयएसओ आणखी उतरतो. मी एम घेते, कारण डबक्यावरून नर्तक उडाला तर अंगठ्याने दोन-तीन झटक्यांत शटर १/२००० वर नेता येतं. ए मध्ये किमान शटर बदलायला मेनूत शिरावं लागतं.

स्पॉट मीटरिंगचा मोह इथेच झाला. निकॉनमध्ये स्पॉट हा निवडलेल्या फोकस बिंदूबरोबर फिरतो, डी७२०० वर तो साडेतीन मिलिमीटरचा, फ्रेमच्या अडीच टक्के. वाटलं, मागचं काहीही असो, आपण पक्षीच मोजू. बसलेल्या वेड्या राघूवर, मोकळ्या उन्हात, हे छान जमतं. नर्तकावर नाही. त्याचं डोकं काळं, अंग पांढरं. बिंदू डोळ्यावर ठेवला की मीटर काळं मोजतो आणि पांढरं अंग जळतं. छातीवर ठेवला की उलटं. पक्ष्याने मान वळवली तरी एक्स्पोजर बदलतं. दोन रंगांच्या चंचल पक्ष्यासाठी मी पुन्हा मॅट्रिक्स आणि मायनस एकवर आले.

एस, म्हणजे शटर प्रायॉरिटी, माझ्याकडून जवळपास वापरलाच जात नाही. ऑटो आयएसओ असला तरी एस मध्ये उजेड वाढून आयएसओ आपण लावलेल्या आकड्यापर्यंत उतरला की पुढे कॅमेरा ॲपर्चर आवळतो, एफ/५.६ चं एफ/१३ होतं आणि पक्ष्यामागचं गवताचं पातं न् पातं स्पष्ट येतं. एकाच कामाला तो मला आवडतो: संध्याकाळी परतणारा पट्टकादंबांचा थवा १/६० वर, कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवत. त्यातले बहुतेक फोटो फसतात, आणि एखादा जमतो तेव्हा पंखांच्या नुसत्या रेघा उरतात.

आता यू१ आणि यू२. या दोन खुणांवर आपण लावलेली सगळी मांडणी साठवून ठेवता येते. यू१ वर माझी झाडीतली मांडणी आहे: एम, एफ/५.६, १/५००, ऑटो आयएसओ कमाल ३२००, मायनस दोन-तृतीयांश. यू२ वर उघड्यावरची: एम, एफ/७.१, १/२५००, आयएसओ ४००, ऑटो आयएसओ बंद. डायल फिरवला की एक्स्पोजरचं सगळं एका खटक्यात बदलतं. यू१ मध्ये असताना तात्पुरतं काही बदललं आणि कॅमेरा बंद करून चालू केला तर मूळ मांडणी परत येते. ए किंवा एम वर थेट काम करताना मात्र कॉम्पेन्सेशन कॅमेरा बंद केल्यावरही तसंच राहतं. पावसाळ्यात ढगाळ आकाशापुढे लोंबणारी सुगरणीची घरटी काढताना प्लस दीड लावलेलं असतं, ते पुढच्या रविवारी गडद पाण्यावर तसंच असलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून बॅटरी चार्जिंगला लावायच्या आधी मी ते शून्यावर आणते. कॅननमध्ये सी१, सी२, सी३ आणि सोनीमध्ये १, २, ३ अशा खुणा असतात, काम तेच.

ग्रुपमधल्या मैत्रिणीने मिररलेस (आरसा नसलेला, व्ह्यूफाइंडरमध्ये छोटी स्क्रीन असलेला) कॅमेरा घेतलाय. तिला व्ह्यूफाइंडरमध्येच फोटो किती उजळ येणार ते आधी दिसतं, सपाट होऊ पाहणाऱ्या पांढऱ्यावर तिरक्या पट्ट्या येतात, आणि मी बगळ्यावर चार फ्रेम घालवून जे शोधते ते ती एकही फ्रेम न काढता शोधते. तिच्याकडे बघून माझी ही सगळी खटपट जुनी झाली असं मला वाटलं होतं. पण सुरय सूर मारतो तेव्हा तिनेही ए ठेवला असेल तर तिचंही शटर मागच्या पाण्याबरोबर घसरतंच, फक्त ते घसरताना तिला दिसतं. तीही आता भिगवणला एम लावून बसते.

एका हवेसाठी माझ्याकडे अजून पक्कं उत्तर नाही: तुटक ढगांची. कवडीपाटला कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, मागे कधी आकाश, कधी पलीकडचा काठ, कधी फेस, आणि वर ढग सरकतायत. म्हणजे ऊनही बदलतंय आणि मागचंही. सध्या मी एक काम करते. उन्हातले आकडे आणि ढगाखालचे आकडे आधीच काढून ठेवते, त्यांच्यात बहुतेक दीड-दोन स्टॉपचा फरक असतो, म्हणजे अंगठ्याचे पाच-सहा खटके. ढगाची सावली पाण्यावरून येताना दिसली की तेवढे खटके मोजून शटर कमी करायचं, गेली की तेवढेच परत. काका म्हणतात त्यापेक्षा ऑटो आयएसओ लाव आणि थोडं मायनस दे, फेस मागे आला तर आला. गेल्या खेपेला आम्ही दोघं शेजारी बसून दोन्ही पद्धतींनी काढलं. खंड्या थांबलेला असतानाचे माझे चांगले आले, सूर मारतानाचे त्यांचे.